क्रीमवर हात बसेपर्यंत

ऑफिसमधला बर्थडे केक म्हणजे काय प्रकार असतो ते तुम्हाला सांगायला नको. चार वाजता पॅन्ट्रीत गर्दी, अर्ध्या मिनिटाच्या टाळ्या, एक सेल्फी आणि अर्ध्या किलोचे सोळा तुकडे! त्या केककडे नीट बघायला वेळ कुणाला असतो? मला असतो. गेले सात महिने मी प्रत्येक केककडे वाकून, मान तिरकी करून बघतो. कडा शार्प आहे का, बोर्डाला टेकणारी बॉर्डर एकसारखी आलीय का... टीममधल्यांना वाटतं, याला फार भूक लागलीय.

तर मंडळी, बातमी अशी की मी केक डेकोरेशन शिकतोय. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड आणि शनिवारी कोथरूडमध्ये क्रीम. क्लासमध्ये नऊ बायका आणि आम्ही दोन पुरुष. दुसरे काका बँकेतून रिटायर झालेत, नातीच्या वाढदिवसाचा केक स्वतः करायचा म्हणून येतात. त्यांचे गुलाब माझ्यापेक्षा चांगले येतात. असो.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, समोर केक येईल. आली स्टीलची थाळी, तीही उपडी! तिच्यावर रेषा काढायच्या, ठिपके द्यायचे, शिंपले काढायचे. थाळी भरली की सगळं खरवडून परत पिशवीत भरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन तास क्रीम तेच, थाळी तीच. शाळेत पाटीवर गिरवायचो ना, अगदी तसं. बाईंचं म्हणणं एकच, "केकवर हात बसवायला गेलात तर केक वाया जातो. थाळीवर काहीच वाया जात नाही."

आता थोडं या क्रीमबद्दल. आपल्याकडच्या केकवर जे पांढरंशुभ्र दिसतं ते बऱ्याचदा दुधाचं क्रीम नसतंच. ते असतं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम, म्हणजे वनस्पती फॅट, पाणी, साखर वगैरे. खोक्यात गोठलेलं मिळतं. ते ओट्यावर नाही, फ्रिजमध्ये हळूहळू सुटू द्यायचं आणि चांगलं गार असतानाच फेटायचं. गोड आधीपासूनच असतं, त्यामुळे वरून साखर नको. बीटर उचलल्यावर टोक किंचित वाकलं की केकवर लावायला छान, ताठ उभं राहिलं की फुलांना छान. आणखी फेटत बसलात की रवाळ होतं. तेव्हा घाबरायचं नाही, थोडं न फेटलेलं क्रीम घालून अलगद कालवायचं. आणि हो, खोक्यावरचं लेबल वाचायची सवय लावा. भारतात तेलं आणि फॅट्समधल्या कारखानी ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. म्हणून ते काही हेल्थ फूड झालं नाही, पण आपण पाहुण्यांना काय खाऊ घालतोय हे माहीत असावं!

मग बटरक्रीम का नाही? करा की, पण डिसेंबरमध्ये. परदेशी रेसिपीत लिहिलेलं असतं, 'बटर रूम टेंपरेचरला असू द्या.' त्यांची रूम लंडनमधली, आपली पुण्यातली आणि महिना मे! लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. आपल्या दुपारीच त्याच्या पुढे असतात. फुलाच्या पाकळ्या डोळ्यांदेखत आळसावतात. नॉन-डेअरी क्रीम इथे इतकं का चालतं, याचं मोठं कारण हेच. ते गरमीत जरा जास्त तग धरतं.

केकवर क्रीम लावण्याचाही एक क्रम आहे आणि तो मोडायचा नाही. स्पंज पूर्ण गार झालेला हवा, आदल्या रात्रीचा असेल तर फारच उत्तम. वरचा फुगवटा दातेरी सुरीने काढून सपाट करायचा. साखरपाणी, क्रीम, पुन्हा स्पंज. मग क्रीमचा एक पातळ हात. याला म्हणतात क्रम्ब कोट. सुटे कण त्यात अडकून बसतात. भिंतीला रंगाआधी प्रायमर मारतात ना, तोच हिशोब. अर्धा तास फ्रिज आणि मग खरा कोट. इथे सगळ्यात सुंदर गोष्ट शिकलो. स्क्रेपर धरलेला हात हलवायचाच नाही. हात स्थिर, फिरतं ते टेबल. आठवडाभर डेडलाईनमागे धावणाऱ्या माणसाला हे कळायला वेळ लागतो, पण कळलं की मजा येते.

नोझलच्या दुनियेत गेलात तर बाहेर येणं कठीण. शिकागोत १९२९ साली सुरू झालेल्या विल्टनने या नोझलना नंबर देऊन ठेवलेत आणि आता बेकर मंडळी एकमेकांशी त्याच भाषेत बोलतात. १एम म्हणजे मोठा उघडा स्टार, मधून बाहेर गोल फिरवला की झाला गुलाब. आणि हल्ली रील्समध्ये झालरी-झालरींचे जे 'व्हिंटेज' केक दिसतात, ती पद्धत जोसेफ लॅम्बेथच्या नावाने ओळखली जाते. त्यांचं पुस्तक १९३४ चं. रेषेवर रेषा, तिच्यावर आणखी रेषा. म्हणजे आपला लेटेस्ट ट्रेंड नव्वदीचा आहे!

पण मला खरी टीप दिली ती आईने. तिने आयुष्यात केकला आयसिंग केलेलं नाही. रविवारी मी थाळीवर स्टार काढत होतो आणि प्रत्येक स्टारला लांब शेंडी येत होती. ती भाजी निवडता निवडता बघत होती. म्हणाली, "अरे, दाबतोयस आणि उचलतोयस एकदमच. आधी दाब थांबव, मग उचल. चकली कशी तोडतो आपण?" नोझल आणि सोऱ्याची चकती शेजारी ठेवून बघा, तोच तारा! क्लासमध्ये बाईही हेच सांगत होत्या, पण डोक्यात शिरलं ते चकलीमुळे. रांगोळीची चिमूट, मेंदीचा कोन, मोदकाच्या कळ्या... आपल्या घरांत हे शिक्षण आधीच झालेलं आहे. फक्त त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

आता मुद्द्याचं. ऑफिसमध्ये फोटो दाखवल्यावर तिसरं वाक्य ठरलेलं असतं, "अरे, ऑर्डर्स घे ना! आम्हाला मटेरियल कॉस्टमध्ये दे." गेल्या महिन्यात तर आमच्या लीडने वाढदिवसासाठी दोन किलोची ऑर्डर टाकलीसुद्धा. मला छान वाटलं. कुणाला नाही वाटणार?

मी हे माझ्या एका मैत्रिणीला सांगितलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिची नोकरी गेली. तेव्हा अख्खं शहर हौसेने केक करत होतं, ती भाड्यासाठी करत होती. आज तिच्या बॉक्सवर एफएसएसएआयचा नंबर असतो, शनिवारी रात्री दोनपर्यंत ती जागी असते. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुझा केक किती तासांचा?" मी हिशोब केला. बेकिंग, गार होणं, लेव्हलिंग, दोन कोट, फुलं, भांडी... सलग काम धरलं तरी पाच तास. "त्या पाच तासांची किंमत तू शून्य लावणार. तुला परवडतं, तुझा पगार येतो. उद्या तीच माणसं माझ्याकडे येऊन म्हणणार, तो तर एवढ्यात देतो! मग मी काय सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याला कुणी म्हणालं, वीकेंडला हौस म्हणून फुकट कोड लिहून देणारा एकजण आहे, तुझा पगार जरा कमी कर... तर?

लीडला मी त्या मैत्रिणीचा नंबर दिला. दोन किलो, पूर्ण दराने. केक फार देखणा होता, मी अर्थातच वाकून बघितला.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. ज्याला केक द्यायचा त्याला भेट द्यायचा, पूर्ण, प्रेमाने, एक रुपयाही न घेता. कधी विकलाच तर बाजारभावाने, तासांसकट आणि रजिस्ट्रेशन करूनच. मधला 'मटेरियल कॉस्ट'वाला रस्ता बंद. आणि खरं सांगू? विकायचा नाही म्हटल्यावर हात जास्त मोकळा चालतो. आठवड्यातली ही एकच गोष्ट अशी आहे जिचं अप्रेझल होत नाही.

तुम्हालाही खाज सुटली असेल, तर सगळं दुकान उचलून आणू नका. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट... तिथे मोह आवरणं अवघड आहे, माहितीये! एक टर्नटेबल, एक वाकडा पॅलेट नाईफ, एक स्क्रेपर, दोन नोझल आणि पायपिंग बॅग्ज. बस्स. ओव्हनची तर पहिले चार रविवार गरजच नाही. थाळी उपडी घाला, क्रीम गार ठेवा आणि घरात चकली करणारं कुणी असेल तर त्यांना शेजारी खुर्ची द्या.