बालकांचा कर्करोग आणि सार्वजनिक धनाचा विनियोग

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी कार्यान्वित झाली. अन्नधान्याचीही विवंचना असलेल्या राष्ट्राने त्या भट्टीसाठी धन वेचले, ते तत्काळ लाभासाठी नव्हे, तर पुढील पिढ्यांच्या बळासाठी. बालकांच्या कर्करोगावरील संशोधन व उपचार यांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे, असे आमचे मत आहे.

प्रौढांच्या अनेक कर्करोगांचे मूळ तंबाखूसारख्या व्यसनांत सापडते. बालकांच्या कर्करोगाचे बहुधा तसे नसते. म्हणून तो टाळण्याचे उपायही फार थोडे आहेत. वेळीच निदान आणि पूर्ण उपचार हाच मार्ग उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संपन्न देशांत शेकडा ८० हून अधिक कर्करोगग्रस्त बालके बरी होतात. अनेक निर्धन देशांत हे प्रमाण ३० हूनही कमी आहे. रोग तोच असता एवढे अंतर पडते, ते व्यवस्थेमुळे.

रक्ताच्या कर्करोगावरील औषधांचा इतिहास येथे उद्बोधक ठरेल. भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील प्रयोगशाळेत सिद्ध झालेले अमिनोप्टेरिन हे द्रव्य बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १६ बालकांना दिले. त्यांपैकी १० जणांना उतार पडला, पण तो तात्पुरताच. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगास कोणी निष्फळ म्हटले असते, तर पुढील मार्गच खुंटला असता. अनेक औषधे एकत्र योजण्याची आजची पद्धती अशाच अपुऱ्या यशांतून घडली.

भारतात १९८४ च्या सुमारास मुंबई, दिल्ली व चेन्नई येथील तीन रुग्णालयांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एकसमान उपचारपद्धती स्वीकारली. तिच्यामुळे बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, तसेच आपल्या रुग्णांना कोणत्या अडचणी नडतात, याचेही ज्ञान झाले. औषध परदेशातून आणता येते. असे ज्ञान मात्र येथेच मिळवावे लागते.

अशा अडचणींपैकी एक विशेष लक्षणीय आहे. या रोगाचा उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतो. पहिल्या काही आठवड्यांतच ज्वर ओसरतो, मूल खेळू लागते, आणि आईबापांस ते बरे झालेसे वाटते. भिलाईहून मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर. रोग्यास रेल्वेभाड्यात सवलत असते. पण बुडालेला रोजगार आणि घरी राहिलेली भावंडे यांची भरपाई कोण करणार? मग उपचार अर्धवट सुटतो आणि रोग उलटतो. टाटा स्मारक रुग्णालयात २००९ च्या सुमारास जवळजवळ पाचांतील एक बालक असे उपचार सोडून जात असे. निवास, पोषण व अर्थसाहाय्य यांची पद्धतशीर योजना झाल्यावर हे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास आले. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. तेथील अंथरूण हाही औषधोपचाराचाच भाग मानला पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. कुपोषण व संसर्ग यांनी कितीतरी अधिक बालके दगावत असता या विरळ रोगावर धन का वेचावे? आक्षेप खरा आहे, आणि त्या कार्याचे धन इकडे वळवावे, असे आम्ही म्हणत नाही. तथापि या रोगासाठी उभारलेली रक्तपेढी, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित परिचारिका इतर बालकांच्याही उपयोगी पडतात. शिवाय पाच वर्षांचे मूल बरे झाले, तर त्याच्यापुढे साठ वर्षांचे आयुष्य उभे असते.

म्हणून धनाचे वाटप तीन ठिकाणी व्हावे: औषधांसाठी, कुटुंबाच्या निर्वाहासाठी आणि संशोधनासाठी. निदान व उपचाराची आखणी मोठ्या केंद्रात व्हावी. नंतरची इंजेक्शने व रक्ततपासण्या रायपूर-भिलाईसारख्या ठिकाणी, घराजवळ व्हाव्यात. असे करता मुले सुरक्षित राहतात काय, किती कुटुंबे उपचार पूर्ण करतात, हे मोजणे हेही संशोधनच होय, आणि त्यास अल्प खर्च पुरतो. २०३० पर्यंत जगातील किमान शेकडा ६० कर्करोगग्रस्त बालके वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरविले. भिलाईच्या बालकाची त्या साठांत गणना व्हावयाची, तर उपचार त्याच्या घराजवळ पोहोचविण्याची तजवीज आजच केली पाहिजे.