बीडच्या वर्गात समुद्र कुठून आणायचा?

मे महिन्यात बीडमधल्या घरातला साधा कूलर खोली बऱ्यापैकी गार ठेवतो. जून उजाडला की तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा; पण खोलीतली माणसे घामाने चिंब. कुणी कूलरचे गवत बदलते, कुणी मोटार दाखवून आणते. बिघाड मोटारीत नसतो. समुद्राची वाफ सह्याद्री ओलांडून खोलीत पोहोचलेली असते. बीडपासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत साधारण तीनशे किलोमीटरवर आहे, आणि दरवर्षी जूनमध्ये तो असा घरात येतो.

शाळेत मात्र तो येत नाही. अभ्यासक्रमात समुद्र कमी आहे असे नाही. सहावीच्या भूगोलात महासागरांचे महत्त्व आहे, सातवीत भरती-ओहोटी, आठवीत सागरी प्रवाह, नववीत सागरजलाचे गुणधर्म. पण पाटोदा किंवा धारूर तालुक्यातल्या शाळेत हे पाठ शिकवायला उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेच्या हाती काय असते? पुस्तक, जगाचा नकाशा आणि मोबाइल. मोबाइलवर शोधले तर इंग्रजीतल्या सुंदर चित्रफिती मिळतात. त्यांत बर्फाच्या तुकड्यावर उभे ध्रुवीय अस्वल असते, रंग उडालेली प्रवाळे असतात आणि किनाऱ्यावर प्लास्टिक वेचणारी मुले असतात. मराठीत शोधले तर बहुतेक वेळा कुणीतरी तोच धडा मोठ्याने वाचून दाखवत असते. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांना समुद्र म्हणजे दूरची, निळी, परीक्षेपुरती गोष्ट आहे असेच यातून कळते.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशासाठी, असे कुणी विचारेल. उष्माघाताचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा बहुधा दोन-तीन तास वाया गेलेले असतात. शेतात किंवा फडात माणूस बरळायला लागला, अंग तापून भट्टी झाले, तर घरचे आधी सावलीला नेतात, मग कांदा फोडून हुंगवतात, मग गाडी शोधतात. त्या वेळात अंगावर पाणी ओतून वारा घातला असता, तर पुष्कळ काही वाचले असते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि शुद्ध हरपू लागली, की प्रत्येक मिनिट मोलाचे असते. घाम वाळला तरच शरीर थंड होते, आणि हवेत आधीच ओल असेल तर घाम वाळत नाही. एक लिटर घाम वाळताना शरीरातून साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तो नुसताच निथळून गेला तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणूनच हवामान खाते मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करते आणि किनारपट्टीवर ३७ पासूनच. हा फरक ज्या विद्यार्थ्याला कळला, त्याला समुद्र, पाऊस आणि आजीचा जीव यांचा संबंध वेगळा शिकवावा लागत नाही.

आता साधनांकडे. ती नाहीत असे म्हणणे अर्धेच खरे आहे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत आहेत, ‘दीक्षा’ ॲपवर पाठांना जोडलेले साहित्य आहे. त्याचा दर्जा मात्र कमी-जास्त आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतून चालवलेल्या ‘ट्रॉप इक्सू’ या प्रकल्पाने गणितापासून अर्थशास्त्रापर्यंत प्रत्येक विषयात हवामानाचे उदाहरण कसे गुंफायचे, याचे तयार पाठ केले आहेत. ही कल्पना फार चांगली, पण पाठ इंग्रजीत. पॅरिसच्या ‘ऑफिस फॉर क्लायमेट एज्युकेशन’ची महासागर आणि बर्फाच्छादित प्रदेशांवरची शिक्षकपुस्तिका मोफत आहे, पण ती परक्या भाषेत. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचे नकाशे रोज देते, तेही बहुतांशी तज्ज्ञांच्या बोलीत. जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार आर्गो तरंगयंत्रे दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोल बुडी मारून वर येतात आणि पाण्याची उष्णता व खारटपणा कळवतात. ती माहितीही सर्वांना खुली आहे. मराठीत जे उत्तम आहे, ते फारसे कुणी शाळेत नेत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा येतो, साध्या मराठीत येतो, आणि तो वाचायला मुलांच्या वडिलांना शिकवावे लागत नाही. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची पुस्तके मराठीतही आहेत. म्हणजे खजिना आहे, पण त्याची किल्ली आठ ठिकाणी विखुरलेली आहे, आणि शिक्षिकेला रात्री स्वयंपाक उरकल्यावर ती शोधायची असते.

शोधण्याआधी जवळच्या चार गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे पावसाची बाटली. सरळ काठाची प्लास्टिकची बाटली वरून कापून, तोंडाचा भाग उलटा बसवून, बाजूला पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. बूड खोलगट असते, म्हणून शून्याच्या रेषेपर्यंत आधी पाणी भरून घ्यायचे. रोज सकाळी साडेआठला मोजायचे, कारण हवामान खातेही तेव्हाच मोजते. मग तो आकडा गावाच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहायचा. महावेध प्रकल्पातली ही केंद्रे राज्यात दोन हजारांहून अधिक आहेत. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, हे बीडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. पंचनामा आणि मदत त्यावर ठरते. शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छतावर ६५ मिलिमीटर म्हणजे साडेसहा हजार लिटर, एका लहान टँकरएवढे पाणी. सहावीचे गणित यापेक्षा जिवंत होणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्ह्यात पुराने जमिनी खरवडून गेल्या, तेव्हा ज्या शाळेकडे आपली वही असती, तिच्या मुलांना त्या दिवसांचा हिशेब स्वतः मांडता आला असता.

दुसरी गोष्ट, दोन तापमाप्या. एकीच्या टोकाला ओले सुती फडके गुंडाळायचे, दुसरी कोरडी ठेवायची. एप्रिलच्या कोरड्या दुपारी ओली तापमापी कोरडीपेक्षा पंधरा अंशांनीही खाली दिसू शकते. जुलैतल्या दमट दिवशी हा फरक चार-पाचवर येतो. कूलर का हरला आणि घाम का वाळत नाही, याचे उत्तर त्या फरकात आहे. एक सूचना: यासाठी तापाची तापमापी वापरू नये. ती ४२च्या पुढे जात नाही, एकदा चढलेली आपोआप उतरतही नाही, आणि जुनी पाऱ्याची फुटली तर वर्गात पारा सांडतो. प्रयोगशाळेतली लाल द्रवाची तापमापी फार महाग नसते.

तिसरी गोष्ट, माती आणि पाणी. दोन सारख्या पेल्यांत एकात कोरडी माती आणि दुसऱ्यात पाणी भरून उन्हात ठेवले, तर तासाभरात माती किती तापते आणि पाणी किती, हे मुले बोट लावून सांगतील. पावसाळ्याचे वारे समुद्राकडून जमिनीकडे का वाहतात, याची सुरुवात इथून होते. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे, हे वाक्य मग नुसते वाक्य राहत नाही.

चौथी गोष्ट घरात बसलेली आहे. १९७२चा दुष्काळ आठवणारे आजी-आजोबा अजून बीडच्या गावागावांत आहेत. खडी फोडली, नालाबंडिंगवर गेलो, सुकडी खाल्ली, लाल मिलोची भाकरी खाल्ली, हे ते सांगतात. त्याच वर्षी प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले होते, आणि हजारो मैलांवर पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही माशांचा धंदा बुडाला. केजच्या आजीची सुकडी आणि पेरूच्या कोळ्याचे रिकामे जाळे ही एकाच घडामोडीची दोन टोके आहेत. एल निनो शिकवायला यापेक्षा चांगली सुरुवात कोणत्या चित्रफितीत मिळेल?

इथेच एक धोका आहे, आणि तो बऱ्याच शिक्षणसाहित्यातही आहे. ‘एल निनो आला की दुष्काळ’ असे समीकरण मुलांच्या वहीत जाते. ते चूक आहे. १९९७ मध्ये विसाव्या शतकातला अतिप्रबळ एल निनो होता, तरी देशातला मान्सून सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्या कोड्याचा एक धागा १९९९ मध्ये सापडला: हिंद महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि पूर्व भाग थंड, अशी स्थिती असेल तर ती भारताच्या पावसाला हात देते. तिला द्विध्रुव म्हणतात. २०१५च्या एल निनोत मात्र पाऊस ८६ टक्क्यांवरच थांबला. उलट २०१८च्या पावसाळ्यात एल निनो नव्हता, तरी बीडमध्ये दुष्काळ जाहीर करावा लागला. अशी आठ-दहा वर्षे फळ्यावर लिहून, शेजारी आपल्या तालुक्याचा पाऊस लिहावा आणि मुलांनाच विचारावे, संबंध दिसतो का, कुठे दिसत नाही. देशाची सरासरी आणि आष्टीचा पाऊस एक नसतो, हेही तेव्हाच कळते. विज्ञान म्हणजे ठाम उत्तर नव्हे, शक्यता तोलणे आहे, आणि ही सवय पुढे रोगाचे निदान समजून घेतानाही लागते. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले, ते मान्सून का फसतो हे शोधायला. त्यातूनच प्रशांत महासागरावरच्या वायुदाबाच्या हेलकाव्याचा शोध लागला. या शास्त्राची एक मुळी भारतातल्या दुष्काळात आहे, हे बीडच्या मुलांना कुणी सांगायला हवे.

जिल्ह्याची आणखी एक अडचण कोणत्याच परदेशी पुस्तिकेत नाही. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगामी वसतिगृहे आहेत, तरी बरीच मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. अर्धे वर्ष निघून गेलेले असते. पण याच मुलांनी दुष्काळी माळ आणि उसाचा हिरवा पट्टा दोन्ही पाहिलेले असतात. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस बालाघाटावर का पोहोचत नाही, हे नकाशावर दाखवायला त्यांच्याइतका चांगला साक्षीदार वर्गात नाही. आई पहाटेपासून फडात राबते आणि आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिते, हेही त्यांनी पाहिले आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उन्हाचा त्रास यांचा धडा त्यांच्यापासून सुरू करता येतो. अट एवढीच, की त्यांना ‘गैरहजर’ म्हणून मागच्या बाकावर बसवू नये.

शिक्षकांनी हे सगळे स्वतः जमवावे, अशी अपेक्षा करणे सोपे आणि अन्यायाचे आहे. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे यांतून उरलेल्या वेळात कुणी समुद्र आणत नाही. हवी आहे ती चाळीसेक पानांची मराठी पुस्तिका: जिल्ह्याचा तालुकानिहाय पाऊस, शेजारी त्या-त्या वर्षीची समुद्रस्थिती, वरचे प्रयोग, दोन पाने उष्माघाताच्या प्रथमोपचाराची. त्या दोन पानांत १०८ क्रमांक असावा, आधी थंड करा मग हलवा हा क्रम असावा, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये हे मोठ्या अक्षरात असावे. चकचकीत कागदाची गरज नाही. व्हॉट्सॲपवर उघडेल आणि काळ्या शाईत छापता येईल इतकी हलकी असली म्हणजे झाले. आकडे सरकारकडे आहेत. शिक्षकांना प्रशिक्षण देणारी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबाजोगाईला आहे, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही अंबाजोगाईलाच आहे. दोघांनी एका टेबलाशी बसायला फार लांब जावे लागणार नाही, आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडण्याआधी छापून होईल असे हे काम आहे.