न सापडलेलं गीत

३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगाव शहरात आणि आसपासच्या गावांत शिरलं. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. शेकडो गुरं वाहून गेली. पोळा जेमतेम आठवड्यावर आला होता. गोठ्यातला बैल गेला तरी त्याची झूल, घुंगरमाळ, शिंगांसाठी आणलेला रंग घरातच राहतो. तलाठी येतो, पंचनामा होतो, सानुग्रह अनुदान खात्यावर जमा होतं. पोळ्याच्या संध्याकाळी रिकाम्या दावणीसमोर बसलेल्या माणसाशी काय बोलावं, हे मात्र कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेलं नसतं.

जपानमधल्या काही धर्मसेवकांनी या प्रश्नाला अगदी जवळून तोंड दिलं. ११ मार्च २०११ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक माणसं गेली. आपल्याकडे तेराव्याला जे महत्त्व, ते तिकडच्या बौद्ध रिवाजात एकोणपन्नासाव्या दिवसाला. त्या दिवशी तायो कानेता हे झेन पंथाचे पुरोहित, काही भिक्खू आणि एक ख्रिस्ती पाळक मिनामीसानरिकू या उद्ध्वस्त गावातून समुद्राकडे चालत निघाले. भिक्खूंनी सूत्रं म्हणायची आणि पाळकांनी गीतं, असं ठरलं होतं. कानेतांनी पुढे सांगितलं, की पाळकांच्या हातात गीतांचं पुस्तक होतं, पण त्यातलं एकही गीत त्या ढिगाऱ्यासमोर म्हणावंसं वाटेना. खुद्द कानेतांच्या तोंडून सूत्रांऐवजी आरडाओरड आणि किंकाळ्या निघाल्या.

धर्माच्या माणसांनी इतक्या मोकळेपणाने आपली हतबलता कबूल करावी, ही फार मोठी गोष्ट आहे.

पुढे कानेतांनी फिरतं चहा-कॉफीचं दुकान काढलं. तात्पुरत्या घरांच्या वस्तीत जायचं, कॉफी आणि केक मांडायचा, थेलोनियस मंक या अमेरिकी पियानोवादकाचं जॅझ लावायचं आणि समोरचा बोलेल ते ऐकायचं. इंग्रजीत भिक्खूलाही ‘मंक’ म्हणतात, म्हणून दुकानाचं नाव ‘कॅफे दे मंक’. सेंदाई शहरात बौद्ध, शिंतो आणि ख्रिस्ती सेवकांनी एकत्र येऊन समुपदेशन सुरू केलं. तोहोकू विद्यापीठाने २०१२मध्ये त्यासाठी प्रशिक्षण उभं केलं. त्यातली मुख्य अट अशी, की दुःखी माणसापाशी आपल्या धर्माचा प्रचार करायचा नाही.

जपानमध्ये ख्रिस्ती माणूस शंभरात एखादाच. तरीही तिथल्या अनेक चर्चमध्ये गॉस्पेल गाणारे गट भरतात आणि त्यांत येणाऱ्या बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतलेला नसतो. ते गायला येतात. एकट्या पडलेल्या माणसाच्या, कोणाला पत्ता न लागता घरातच आलेल्या मरणासाठी ज्या देशाच्या भाषेत ‘कोदोकुशी’ असा खास शब्द आहे, तिथे आठवड्यातून एकदा चार जणांनी शेजारी उभं राहून एका सुरात गाणं ही लहान गोष्ट नव्हे. कारण सूर लावायचा तर शेजारच्याचा श्वास ऐकावाच लागतो.

खान्देशाला हे परकं वाटायचं कारण नाही. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे ते नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ते दिवस आहेत. हेच टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले होते. मिशनऱ्यांनी आणलेली भाषांतरित गीतं आणि विलायती चाली मराठी माणसाच्या गळ्यात उतरत नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि अभंग, ओवी, भजन जवळ केलं. त्याआधी कृष्णराव सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. आजही मराठी ख्रिस्ती मंडळी उपासनेला ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडतात, तेव्हा पेटी आणि टाळावर टिळकांचीच पदं निघतात. टिळकांचं खरं मोठेपण इथे आहे. ऐकणाऱ्याच्या गळ्यात जे आधीपासून होतं, तिथूनच त्यांनी सुरुवात केली.

एक आक्षेप इथे येणारच आणि तो टाळू नये. दुष्काळात भाकरीबरोबर धर्मही वाटला गेला, असं महाराष्ट्रात सव्वाशे वर्षं बोललं जातं. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावला सांभाळल्या, तेव्हाही हेच बोललं गेलं. ज्या बाईचे आईवडील स्वतःच दुष्काळात गेले आणि जिने पुराणं सांगत देशभर पायपीट केली, तिच्या कळवळ्यावर शंका घेणं अन्यायाचं आहे. तरीही भुकेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून सेंदाईची अट आपल्याकडेही हवी आणि ती चर्चपुरती नको. पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात गाणारा कीर्तनकार असो, भजनी मंडळ असो की चर्चचा गायकवृंद, त्याने हातात पत्रकं घेऊन येऊ नये आणि गाण्याआधी कुणाला जात-धर्म विचारू नये.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. बोटी, दोर, निवाऱ्याच्या शाळा यांची यादी पावसाळ्याआधी तयार होते. जळगाव आणि धुळ्याच्या त्या यादीत आणखी एक पान घालता येईल. ऐकायला शिकलेल्या माणसांची नावं त्यात असावीत. चाळीसगावच्या कीर्तनकाराचं, धुळ्याच्या पाळकाचं, मशिदीच्या इमामाचं आणि जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या, बहिणाबाईंच्या आसोद्याकडच्या एखाद्या म्हातारीचंही. पहिले काही दिवस त्यांनी निवाऱ्यात नुसतं बसावं, चहा द्यावा. गाणं कधी आणि कुठलं, ते निवाऱ्यातल्या लोकांनी सांगावं. अहिराणीत हवं असेल तर अहिराणीत, भिलीत हवं असेल तर भिलीत. आणि त्या संध्याकाळी कुणालाच गाणं नको असेल, तर पेटीचा भाता बंद करून तिथेच बसून राहावं.