सांगितलेला वाघ, दाखवलेला वाघ

२०१६ सालच्या एप्रिलात ‘द जंगल बुक’ हा चित्रपट आपल्याकडे लागला आणि सेन्सॉर बोर्डाने त्याला ‘यू’ऐवजी ‘यूए’ प्रमाणपत्र दिले. म्हणजे, १२ वर्षांखालील मुलांना तो दाखवताना आईबापांनी विचार करावा! त्यातला मोगली तेवढा हाडामांसाचा. बाकी वाघ, अस्वल, अजगर आणि सारे अरण्य संगणकावर घडवलेले. थ्रीडीमुळे ही जनावरे थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतात, असे बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचे म्हणणे. झाले! जिकडे तिकडे हशा पिकला. दूरदर्शनवरच्या ज्या मोगलीपायी आमच्या पिढीने रविवारची अंघोळ लांबवली, त्याच्या गोष्टीला भ्यायचे?

मला मात्र या हशात सामील होता येत नाही.

हसणाऱ्यांचा मुद्दा वरकरणी बिनतोड आहे. ते म्हणतात, आपल्या आज्यांच्या गोष्टी काय कमी भयंकर होत्या? लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ भेटतो, तो तिला खाण्यासाठीच. नरसिंह तर उंबरठ्यावर बसून हिरण्यकशिपूचे पोट फाडतो. या गोष्टी ऐकून वाढलेली पिढी काही भित्री निघाली नाही.

अगदी कबूल! पण वाचकहो, तो वाघ सांगितलेला होता. नातवाचे डोळे विस्फारले की आजी वाघाला चार पावले मागे घेई. त्याला गंमत वाटू लागली की पुन्हा डरकाळी फोडी. ऐकणाऱ्याच्या छातीचे माप घेऊन तो वाघ बेतलेला असे. पडद्यावरचा शेरखान कोणाचेच माप घेत नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकावर आणि चार वर्षांच्या पोरावर तो सारखीच झेप घेतो.

भरतमुनींना हा फरक पुरता ठाऊक होता. युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून सांगाव्यात, असे नाट्यशास्त्र बजावते. आणि तो प्रेक्षक तर जाणता! ‘हे नाटक आहे’ हे ज्याला कळते त्यालाच भयानक रसाची गोडी. चार वर्षांच्या मुलापाशी नुसते भय असते. रस यायला अजून अवकाश असतो.

नुसत्या आवाजाने मुले भितात, असेही नाही. आमच्या भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात तान्ही पोरे सुखाने झोपतात. कारण अंगावर आईचा हात असतो. गेल्या सुट्टीत मात्र ठाण्याच्या एका चित्रपटगृहात, माझ्या पुढच्याच रांगेत, एक चिमुरडा कानांवर हात दाबून म्हणत होता, “बाबा, घरी चला ना!” बाबा उत्तरले, “मुलगा ना तू? खोटं असतं ते सगळं. आणि तिकिटाचे पैसे काय झाडाला लागतात?” पोर गप्प झाले. भीती होती तिथेच होती; ती सांगायची सोय तेवढी संपली.

हा वाद काही आजचा नाही. डिस्नेची ‘स्नो व्हाइट’ १९३८ साली विलायतेत पोहोचली, तेव्हा तिथल्या बोर्डानेही मुलांनी ती मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावी असे ठरवले होते. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग केले. उत्तम झाले. पण आकड्यावरून वय कळते. पोराची छाती किती, हे शेजारच्या खुर्चीतल्या माणसानेच ओळखायचे.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सिनेमाला अवश्य न्या. फक्त आदल्या रात्री कुशीत घेऊन गोष्ट सांगा; वाघ येणार आहे हे आधी कळू द्या. आणि मध्येच पोर ‘घरी चला’ म्हणाले, तर निमूट उठा. तिकिटाचे पैसे बुडतील, बुडू द्यात. पुढे कधी खरीखुरी भीती वाटली, तर ते पोर पहिल्यांदा तुमच्यापाशीच येईल.