जलाशयाकाठची पंगत

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील नौकाविहाराची सहल म्हणजे वस्तुतः धरणाच्या फुगवट्यावरची सहल होय, कारण कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या मूळ प्रवाहात नाव चालण्याइतके पाणी वर्षातील थोडाच काळ असते आणि एरवी ते कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांमागे, नदीच्या पात्रात मागे सरकत जाऊन साठलेले असते. राज्य शासनाने 2018 मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केल्यानंतर या पाण्याकडे सहल-आयोजकांचे लक्ष अधिक गेले. परंतु त्यांच्या कार्यक्रमपत्रिकांमध्ये नौकेची वेळ, लेण्याद्रीच्या पायऱ्या आणि शिवनेरीची चढण यांचा हिशेब काटेकोरपणे मांडलेला असतो, तर भोजनाची नोंद ‘वाटेत’ एवढ्या एका शब्दात उरकलेली आढळते. हे ‘वाटेत’ म्हणजे बहुधा पुणे-नाशिक महामार्गावरील, पनीरच्या भाज्यांपासून नूडल्सपर्यंत सर्व काही देणारे आणि म्हणून कोठल्याही गावाचे नसलेले उपाहारगृह असते. जलाशयाकाठच्या सहलीत भोजनाचे ठिकाण शेवटी नव्हे तर नौकेच्याही आधी ठरले पाहिजे, असे या मासिकाचे मत आहे, आणि त्याची कारणे चवीइतकीच पाण्याच्या व्यवस्थेत आहेत.

येडगाव हे या प्रकल्पातील गोळा करून पुढे देणारे धरण आहे; वरच्या धरणांतून सोडलेले पाणी त्यात येते आणि तेथून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्याकडे जाते. कालव्याला ठराविक मुदतीने पाणी सोडण्याच्या पाळीस आवर्तन म्हणतात, आणि आवर्तनागणिक पातळी वरखाली होत असल्यामुळे पावसाळ्यानंतर अंगणाशी टेकलेले पाणी उन्हाळ्यात चिखलाचा रुंद पट्टा मागे ठेवून दूर गेलेले असते. ‘पाण्याचा देखावा’ हे जाहिरातीतील वैशिष्ट्य म्हणूनच हंगामी समजावे. आयोजकाने आदल्या दिवशी दूरध्वनीवर विचारायचे ते एवढेच, की नाव आज कोठे लागते आणि तेथून जेवणाच्या जागेपर्यंत ओल्या कपड्यांतील मुले व गुडघे दुखणारे ज्येष्ठ चालत येऊ शकतील काय. वारा दुपारनंतर वाढत असल्याने आणि भरल्या पोटी नावेत बसणे अनेकांना सोसत नसल्याने सकाळी हलकी न्याहारी, मग नौका आणि त्यानंतर जेवण हा क्रम सोयीचा ठरतो, पण त्याचा अर्थ असा की पन्नास माणसे एकाच वेळी, भुकेलेली आणि अर्धवट भिजलेली, दारात उभी राहणार आहेत. अशा वेळी लांबलचक खाद्यसूची असलेले स्वयंपाकघर हमखास कोलमडते.

या भागाने गर्दीच्या जेवणाचा प्रश्न स्वतःपुरता फार पूर्वी सोडवलेला आहे. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील आणे येथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीच्या यात्रेत आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी मोठमोठ्या कढयांमध्ये तेथेच शिजते आणि भाकऱ्या आसपासच्या घराघरांतून थापून येतात. दोनच पदार्थ, दोन वेगळ्या ठिकाणी वाटून दिलेले काम आणि तरीही प्रचंड पंगत, ही रचना खाद्यव्यवसायाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे. आयोजकांनी त्यातून घ्यायचे ते हे की मोजके पदार्थ आधी सांगून ठेवणारे ठिकाण निवडावे.

मासवडीच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. या दोन्ही तालुक्यांची ओळख बनलेला हा शाकाहारी पदार्थ करताना बेसन मसाल्याच्या पाण्यात घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर गरम असतानाच पातळ थापले जाते, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, लसूण व कोथिंबीर यांचे सारण पसरून फडक्याच्याच साहाय्याने लांबट वळकटी केली जाते आणि मग वड्या कापून त्या झणझणीत रश्श्याबरोबर वाढल्या जातात. हात पोळणारे हे काम घाईत होत नाही. न कळवता आलेल्या चाळीस जणांना दहा मिनिटांत मासवडी मिळाली, तर ती सकाळची आहे किंवा कालची, हे वेगळे सांगायला नको. हुलग्याच्या पिठाची, मसाल्याच्या पाण्यात शिजवलेली शेंगोळी तुलनेने सोपी असली तरी तिचीही वळणी हातानेच होते. बाजरीची भाकरी मात्र तव्यावरून थेट ताटात येत नसेल तर मागवूच नये.

माशांचा विषय अधिक काळजीने हाताळावा लागतो, कारण पाणी दिसले की पाहुणे मासे मागतात आणि मागणी दिसली की उपाहारगृहे पापलेट ठेवतात, जो समुद्राचा मासा असल्याने बर्फातून घाट चढून आलेला असतो. जलाशयातील मासे वेगळे: रोहू, कटला, मृगळ आणि सर्वत्र पसरलेली चिलापी, कधी मरळ, कधी वाम. सूचीवर पापलेट-सुरमई ठळक आणि चिलापीचा उल्लेखही नाही, अशा जागी मासे न घेणेच शहाणपणाचे. विचारण्याचा खरा प्रश्न ‘ताजे आहेत का’ हा नसून ‘जाळे केव्हा काढले’ हा आहे. लालसर कल्ले, चमकदार डोळे आणि दाबल्यावर परत वर येणारे मांस या खुणा स्वयंपाकघरात जाऊन पाहता येतात आणि ज्याला तसे पाहू देण्यात संकोच वाटतो त्याचे उत्तर तेथेच मिळते. रोहू-कटल्यात बारीक काटे फार असल्यामुळे मुलांच्या ताटात ते देण्यापूर्वी सांगणे हे आयोजकाचे काम आहे. डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आदिवासींनी त्याच पाण्यात मासेमारीसाठी सहकारी संस्था उभी केली, हे ध्यानात घेतले तर मासा कोणाकडून घेतला या प्रश्नाला चवीपलीकडचेही वजन आहे.

ओझरची गोष्ट स्वतंत्र आहे. विघ्नहराचे देऊळ कुकडीच्या काठी, येडगावच्या फुगवट्याजवळ असल्याने नौकाविहार आणि देवदर्शन तेथे एकत्र होतात, म्हणून देवस्थानाच्या परिसरात सामिष भोजनाची अपेक्षा ठेवू नये आणि संकष्टी, विशेषतः अंगारकी, असल्यास निम्मी मंडळी उपवासाची असतील हे गृहीत धरून भगर, दाण्याची आमटी व साबुदाणा खिचडी आधीच सांगावी. त्या दिवशीच्या गर्दीत नौकेचा कार्यक्रम ठेवूच नये, हे अधिक बरे.

आंबेगावच्या पश्चिमेस, घोडेगावाहून डिंभ्याकडे आणि पुढे भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उपाहारगृहे विरळ होतात आणि घरे हीच भोजनस्थाने ठरतात. महादेव कोळी कुटुंबांकडे भात, नाचणीची भाकरी आणि पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, फोडशी यांसारख्या रानभाज्या मिळतात, ज्या त्या त्या आठवड्यातच असतात आणि आग्रहाने आणवता येत नाहीत. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाने अशा शेतघरांना नोंदणीची वाट दिली आहे; अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी पाहावी, पाणी उकळलेले आहे की नाही तेही पाहावे, परंतु घरच्या बाईला हॉटेलच्या ताटाशी तुलना करून दर पाडून मागू नये. माणशी दर, किमान संख्या आणि सहल रद्द झाल्यास द्यायची रक्कम आधीच ठरवून आगाऊ पैसे पोचते करावेत, कारण तीस जणांसाठी आणलेले दूध आणि निवडलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

रात्रीच्या जेवणाबाबत या भागात एक अट वाढते. जुन्नर वन विभागात बिबट्यांचा वावर नित्याचा आहे, उसाची शेते त्यांना आडोसा देतात आणि जलाशयाकाठी ऊस सर्वत्र आहे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र त्याच वास्तवातून उभे राहिले. म्हणून काठावरची शेकोटीची पंगत कितीही मोहक वाटली तरी वाहन थेट दारापर्यंत जाईल, अंगणात उजेड असेल आणि उसातल्या पायवाटेने कोणालाही चालावे लागणार नाही, अशीच जागा संध्याकाळसाठी घ्यावी, आणि लहान मुले असलेल्या गटाचे जेवण दिवेलागणीपूर्वीच उरकेल अशी वेळ यजमानांना आधीच देऊन ठेवावी.