विम्याचे खोटे कार्ड: दंडाची बाब फौजदारी कशी होते

कॅलिफोर्नियात वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली की तो तीन गोष्टी मागतो: परवाना, गाडीची नोंदणी आणि विम्याचा पुरावा. यातली तिसरी दाखवता आली नाही तर व्हेइकल कोडच्या कलम १६०२८ खाली तिकीट मिळते. केवळ विमा तपासण्यासाठी पोलिसाला गाडी थांबवता येत नाही. त्यामुळे हे तिकीट सहसा वेग, लाल सिग्नल, बंद पडलेला मागचा दिवा अशा दुसऱ्या एखाद्या कारणाला जोडून येते. पहिल्या वेळी मूळ दंड १०० ते २०० डॉलर असतो आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच घडले तर २०० ते ५०० डॉलर. त्यावर राज्याचे आणि काउंटीचे अधिभार चढतात आणि भरायची रक्कम मूळ दंडाच्या कितीतरी पट होते. रक्कम बोचते, पण या तिकिटात तुरुंगवास नाही आणि ते फौजदारी गुन्ह्यात मोजले जात नाही. पैसे भरले की प्रकरण मिटते.

ज्याच्याकडे त्या दिवशी खरोखर विमा होता आणि फक्त कार्ड गाडीत नव्हते, त्याचे काम तर आणखी सोपे असते. तिकिटाच्या वेळी पॉलिसी चालू होती असे दाखवणारे विमा कंपनीचे पत्र न्यायालयाच्या कारकुनाकडे दिले की तिकीट रद्द होते आणि थोडे शुल्क तेवढे लागते. पुष्कळ न्यायालये हा पुरावा टपालाने किंवा ऑनलाइनही स्वीकारतात. २०१३ पासून फोनवर दाखवलेले कार्डही कायद्याला चालते आणि पोलिसाच्या हाती फोन दिला म्हणजे त्यातले बाकीचे पाहण्याची परवानगी दिली, असा अर्थ होत नाही, हेही कायद्यातच लिहिलेले आहे.

अडचण होते ती पॉलिसी खंडित झालेल्यांची. बँकेचे कार्ड बदलले आणि हप्ता आपोआप कापला जाणे थांबले. घर बदलले आणि कंपनीची सूचना जुन्या पत्त्यावर गेली. विद्यार्थ्याने जुनी गाडी घेतली आणि विमा पुढच्या महिन्यावर टाकला. यातल्या कोणाचाही फसवणुकीचा हेतू नसतो. तिकीट हातात पडल्यावर मात्र एक सोपी वाटणारी वाट समोर दिसते. संगणकावर जुन्या कार्डावरची तारीख बदलायची, मित्राच्या कार्डावर आपले नाव चढवायचे, किंवा त्याच दुपारी नवी पॉलिसी घेऊन तिची सुरुवात आदल्या दिवसाची दाखवायची. शेवटचा प्रकार करणाऱ्याला तो खोटेपणा वाटतच नाही, कारण पॉलिसी खरी असते, पैसे खरे भरलेले असतात, फरक फक्त एका तारखेचा असतो. पण कायद्याचा प्रश्न त्या एका तारखेचाच आहे: गाडी थांबवली त्या क्षणी विमा होता की नव्हता.

याच कृतीसाठी व्हेइकल कोडमध्ये कलम १६०३० आहे. विम्याचा खोटा पुरावा जाणूनबुजून पोलिसाला दाखवणे किंवा न्यायालयाच्या कारकुनाकडे देणे हा मिसडिमीनर म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. मुदत संपलेली किंवा रद्द झालेली पॉलिसी चालू असल्याचे भासवून दाखवणेही याच कलमात येते. शिक्षा ७५० डॉलरपर्यंत दंड, काउंटीच्या तुरुंगात ३० दिवसांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय दोष सिद्ध झाल्याच्या दिवसापासून वाहन चालवण्याचा परवाना एका वर्षासाठी निलंबित होतो. नोकरीचे कामच गाडी चालवण्याचे असेल तर न्यायालय तेवढ्यापुरती मुभा ठेवते. मुलांना शाळेत सोडणे, वाणसामान आणणे, वृद्ध आईवडिलांना डॉक्टरकडे नेणे त्या मुभेत बसत नाही. ज्या उपनगरांत बसचा थांबाही मैलभर दूर असतो, तिथे परवान्याविना एक वर्ष म्हणजे सगळ्या घराची घडी विस्कटणे.

खोटे पकडले जाणार नाही, ही समजूत जुनी झाली आहे. २००६ पासून कॅलिफोर्नियातल्या विमा कंपन्यांना खासगी गाड्यांच्या पॉलिसींची माहिती राज्याच्या मोटार वाहन विभागाला म्हणजे डीएमव्हीला संगणकाद्वारे कळवावी लागते. पॉलिसी सुरू झाली तेही आणि रद्द झाली तेही. खंड पडला की गाडीची नोंदणीच निलंबित होऊ शकते. कार्डावर पॉलिसीचा क्रमांक असतो आणि कंपनीला तो विचारायला न्यायालयाला एक फोन पुरतो. पॉलिसी कोणत्या दिवशी, किती वाजता विकली गेली याची नोंद कंपनीकडे असते. न्यायालयात येणारा प्रत्येक कागद असा तपासला जातो असे नाही. पण संशय येण्यासाठी फार काही लागत नाही. अक्षरांचा वेगळा ठसा, तिकिटाच्या दिवशीच सुरू झालेली पॉलिसी, किंवा आधी 'विमा नाही' असे पोलिसाला सांगितल्याची त्याने केलेली नोंद एवढे पुरेसे असते. कागद खोटा ठरायला दोन-चार दिवस लागतील, तो खोटा नव्हता असे सिद्ध करायला मात्र काहीच हाताशी नसते.

कलम १६०३० हा सरकारी वकिलाच्या हातातला सर्वांत सौम्य पर्याय आहे. पीनल कोडचे कलम १३२ सांगते की बनावट, फेरफार केलेला किंवा मागची तारीख घातलेला कागद तसा आहे हे माहीत असून कायदेशीर कारवाईत खरा म्हणून पुराव्यात देणे हा फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा आहे. असा कागद तयार करण्यासाठी कलम १३४ आहे आणि बनावटगिरीसाठी कलम ४७०. यांत शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. मागची तारीख घालून देणारा ओळखीचा एजंट असेल तर तोही आरोपी होतो आणि त्याचा विमा विकण्याचा परवाना धोक्यात येतो. एका तिकिटाच्या दंडासाठी दुसऱ्याची उपजीविका पणाला लावणे ही मैत्री नव्हे.

अमेरिकेचे नागरिकत्व नसलेल्या मराठी माणसासाठी यापुढचा भाग सर्वांत गंभीर आहे आणि नेमका तोच फारसा बोलला जात नाही. विम्याशिवाय गाडी चालवणे हा निष्काळजीपणा आहे. खोटा कागद देणे ही फसवणूक. हा फरक अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात फार मोठा आहे. तो कायदा 'नैतिक अधःपतनाचे गुन्हे' असा एक वर्ग मानतो. त्याची नेमकी व्याख्या कायद्यात नाही, पण १९५१ साली जॉर्डन विरुद्ध डी जॉर्ज या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या गुन्ह्यात फसवणूक हा घटक आहे तो या वर्गात येतो. तो खटला दारूवरचा कर बुडवण्याच्या कटाचा होता, तत्त्व मात्र आजही लागू आहे.

आता कागद तोच, पण कलम कोणते लागले यावर सगळे पालटते. देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा गुन्हा घडला आणि त्याला एक वर्ष किंवा अधिक शिक्षा होऊ शकत असेल, तर ग्रीन कार्ड असलेली व्यक्तीसुद्धा हद्दपारीस पात्र ठरते. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली हे तिथे पाहत नाहीत, किती होऊ शकली असती ते पाहतात. कलम १६०३० ची कमाल मर्यादा ३० दिवसांची असल्याने त्याखाली ही आपत्ती ओढवत नाही. तोच कागद बनावटगिरीची फेलनी म्हणून पुढे आला तर ओढवू शकते. देशात पुन्हा प्रवेश देताना किरकोळ गुन्ह्यासाठी एक सवलत आहे, पण ती अशा एकाच गुन्ह्यापुरती. आधीचे काही असेल तर ती संपलेली असते.

हद्दपारीपर्यंत गोष्ट न गेली तरी कागद मागे लागतोच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेला माणूस भारतात सुटीवर गेला आणि मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात व्हिसाचा शिक्का घ्यायला उभा राहिला, की अर्जात अटक आणि दोषसिद्धी यांविषयी स्पष्ट प्रश्न असतो. नागरिकत्वाच्या अर्जात, साधारणपणे आधीच्या पाच वर्षांसाठी, अर्जदाराचे चारित्र्य चांगले असल्याचे दाखवावे लागते. वेगाचे तिकीट तिथे कोणी मनावर घेत नाही. न्यायालयाला खोटा कागद दिल्याची नोंद वाचणारा अधिकारी मात्र पुढचे प्रत्येक उत्तर त्या नोंदीच्या प्रकाशात वाचतो. डॉक्टर, परिचारिका, लेखापाल यांच्या परवाना मंडळांनाही व्यवसायाशी संबंध असलेल्या गुन्ह्यावरून कारवाई करता येते, आणि अप्रामाणिकपणाचा संबंध नाही असा व्यवसाय शोधावा लागेल.

हे सगळे परिणाम कागद देणाऱ्याचे झाले. या विषयावर लिहिले-बोलले जाते तेव्हा गाडीखाली सापडणारा माणूस बहुधा विसरला जातो, आणि विम्याची सक्ती तर त्याच्यासाठीच आहे. मॅसॅच्युसेट्सने १९२७ साली ही सक्ती अमेरिकेत प्रथम आणली, ती जखमींना भरपाई मिळावी म्हणूनच. भारतातही तिऱ्हाइताचा विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि त्यामागचा विचार तोच आहे. कॅलिफोर्नियात किमान संरक्षणाच्या रकमा १९६७ पासून बदलल्याच नव्हत्या. एका जखमी व्यक्तीसाठी १५,००० डॉलर, एका अपघातातल्या सर्व जखमींसाठी ३०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी ५,००० डॉलर. १ जानेवारी २०२५ पासून त्या अनुक्रमे ३०,०००, ६०,००० आणि १५,००० झाल्या. रुग्णालयाची बिले पाहता याही अपुऱ्याच आहेत. ज्याच्या खिशात बनावट कार्ड आहे त्याच्याकडून यातला एक डॉलरही मिळत नाही. धडक बसलेला सायकलस्वार रस्त्याच्या कडेला पॉलिसीचा क्रमांक उतरवून घेतो, कंपनीला कळवतो आणि तो क्रमांक अस्तित्वातच नाही हे त्याला शस्त्रक्रियेनंतर समजते. या फसवणुकीत 'कोणाचे काही बिघडले नाही' असे म्हणता येत नाही.

विमा नसलेल्या चालकावरही अपघात उलटतो. चूक समोरच्याची असली तरी, १९९६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २१३ नुसार, त्याला वेदना आणि मनस्तापाची भरपाई मागता येत नाही. कोणी जखमी झाले किंवा नुकसान १,००० डॉलरच्या वर गेले तर दहा दिवसांत डीएमव्हीला कळवावे लागते, तिथे विम्याची चौकशी होते आणि विमा नसेल तर परवाना चार वर्षांपर्यंत निलंबित होऊ शकतो.

विमा परवडत नाही, ही अडचण मात्र खरी आहे आणि तिला हलके लेखू नये. पगार थांबलेल्या घरात हप्ता सर्वांत आधी चुकतो. त्यासाठी राज्याने कमी उत्पन्नाच्या चालकांना स्वस्त विम्याची एक योजना ठेवली आहे. तिला उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या अडीच पट आहे, गाडीच्या किमतीवरही मर्यादा आहे, पण स्थलांतराचा दर्जा आड येत नाही. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना ती ठाऊकच नसते. दंडाबाबतही उत्पन्न दाखवून तो कमी करून घेण्याचा, हप्त्यांत भरण्याचा अर्ज न्यायालयाकडे करता येतो. विमा नव्हता हे मान्य करून, आता घेतलेली पॉलिसी खऱ्या तारखेसह दाखवली, तर तिकीट रद्द होत नाही, पण न्यायाधीशापुढे दंड कमी करण्यासाठी एक प्रामाणिक आधार तयार होतो.

खोटा कागद आधीच दिला गेला असेल तर दुसरे पत्र लिहून खुलासा करणे किंवा कारकुनाला फोन करून समजूत घालणे धोक्याचे आहे, कारण त्यातले प्रत्येक वाक्य पुरावा होते. आधी फौजदारी वकील गाठावा, आणि नागरिक नसलेल्याने स्थलांतराचा कायदा जाणणाराही. व्हिएतनाम युद्धात लढलेला, चाळीस वर्षे अमेरिकेत राहिलेला होझे पडिला हा ट्रकचालक वकिलाच्या 'काळजी करू नका' या शब्दावर गुन्हा कबूल करून बसला आणि हद्दपारीच्या दारात उभा राहिला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खटल्यात ठरवले की कबुलीचे स्थलांतरावर काय परिणाम होतील हे अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे. कॅलिफोर्नियात तर कबुलीची बोलणी करताना सरकारी वकिलानेही हे परिणाम टाळता येतील का याचा विचार करावा, असा कायदा आहे. त्यामुळे कोणत्या कलमाखाली कबुली द्यायची हे ठरवण्याची वेळ न्यायाधीशापुढे उभे राहण्याच्या आधीची असते. राज्याच्या न्यायालयाने नंतर चांगल्या वर्तनावरून दोषसिद्धी पुसून टाकली तरी संघराज्याचा स्थलांतर कायदा ती सहसा कायमच धरतो.