ओरिजिनल म्हणजे काय हो?

परवा आमचा पुतण्या मोबाइलवर एका गाडीचे फोटो घेऊन आला. "काका, बघा, आपल्या गाडीची बहीण! अगदी ओरिजिनल केलीय." आपली गाडी म्हणजे १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट अकराशे हो, पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. मी चष्मा लावून पाहिलं. सीटवर चामडं, रंगावर काचेसारखा क्लिअर कोट, चाकं अलॉयची. म्हटलं, "बाळा, ही बहीण नव्हे. बहिणीचे दागिने घालून आलेली कुणी भलतीच बाई आहे."

तो हिरमुसला. पण मंडळी, माझं भांडण त्याच्याशी नाही. चामड्याशीही नाही. गाडी ज्याची त्याची, पैसा ज्याचा त्याचा. भांडण आहे ते 'ओरिजिनल' या शब्दाशी चाललेल्या खेळाशी. गाइडातून उतरवलेल्या उत्तराखाली 'स्वतःच्या शब्दांत' असं लिहिणारी मुलं मी पस्तीस वर्षं पाहिली. हा प्रकार त्यातलाच.

रेक्झिनसाठी मी नाना पेठ पालथी घातली, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन फेऱ्या मारल्या. जिथे जावं तिथे एकच उत्तर, "साहेब, कंपनीचाच माल!" अहो, कुठल्या कंपनीचा? पद्मिनी बनायची बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. 'तसाच दिसणारा नवा माल' म्हणा ना, मी आनंदाने घेईन. खोटं कशाला?

आता माझाही गुन्हा सांगतो. १९९६ साली लेकीच्या लग्नाआधी मी हौसेने मखमली कव्हरं शिवून घेतली आणि धडधाकट रेक्झिन काढून टाकलं. ही तेव्हा म्हणाली होती, "चांगलं आहे ते, कशाला काढताय?" मी ऐकलं नाही. आता ही नाही. आणि ज्या सीटवर बसून ती दरवर्षी माहेरी जायची, तिचा रंग मला चॉकलेटी आठवत होता.

गेल्या महिन्यात सीट उपसली तेव्हा फ्रेमच्या खाली दुमडलेली दोन बोटांची पट्टी सापडली. कारागिराने खिळे न उपटता रेक्झिन कापून काढलं होतं, म्हणून उरलेली. ऊन न लागलेली. रंग चॉकलेटी नव्हताच, तांबूस विटकरी होता. मी बराच वेळ ती हातात धरून बसलो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की आठवणीवर विसंबू नका, दुकानदारावर तर नकोच. पुरावा गाडीतच असतो. सीटखाली रेक्झिन सापडतं, डॅशबोर्डच्या मागे आणि डिकीच्या रबराखाली कारखान्याचा रंग सापडतो. नमुना तिथून घ्या, मग बाजारात जा. आणि जे टिकलंय ते फाटकं असलं तरी आधी सांधा, मगच बदला.

"मग काका, ब्रेकचे पाइपही जुनेच ठेवायचे का?" पुतण्याने खोचकपणे विचारलं. मुळीच नाही! रबर खोक्यात पडून राहिलं तरी कडक होतं, त्याला चिरा पडतात. ब्रेकचे होज, टायर, पट्टे नवेच हवेत. तिथे जुन्याचा हट्ट म्हणजे जिवाशी खेळ. पण नवं घातलं तर नवं म्हणून लिहून ठेवा. जुनी पोथी छापताना संपादक गहाळ शब्द भरतो, पण कंसात भरतो, तसं.

हे माझंच खूळ नाही. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, 'फिवा'ची, तुरिन सनद हेच सांगते: आधी जपणूक, आणि केलेल्या कामाची नोंद. आपल्याकडेही २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. त्या नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनवर आहे. रेक्झिनचा प्रामाणिकपणा मात्र मालकानेच सांभाळायचा.

असो. विटकरी रेक्झिन शेवटी मिळालं. रंग जुळतो, दाणा थोडा वेगळा आहे. वहीत तसं लिहून ठेवलंय. ती दोन बोटांची पट्टी मात्र जागची हलवलेली नाही. तिच्यावरूनच नवं रेक्झिन ओढून घेतलंय.

पुतण्याला सांगून ठेवलंय, माझ्यामागे गाडी विकलीस तर वही बरोबर दे.